एम२ चे पुढचे फ्लोटिंग रोटर: मोजमाप आणि झिजेच्या नोंदी

९ मार्च २०२४, शनिवार

गाडी बीएमडब्ल्यू एम२, २०१७ चं मॉडेल, एफ८७ म्हणतात ती, इथे जर्मनीत, कोलोनमध्येच सेकंडहँड घेतलेली. आधीचा मालक ती हिवाळ्यातसुद्धा रोज चालवायचा, म्हणजे इथल्या रस्त्यांवर टाकतात ते मीठ तिनं भरपूर खाल्लंय. माझी नंबरप्लेट सीझनची आहे, एप्रिल ते ऑक्टोबर, त्यामुळे आत्ता गाडी गॅरेजमध्येच आहे आणि कामाला वेळ आहे. तक्रार एकच. नॉर्डश्लाइफवर (न्यूरबुर्गरिंगचा जुना, लांब ट्रॅक) जरा जोरात लॅप मारली की अर्ध्यानंतर ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरायला लागतं, घरी येईपर्यंत गाडी थंड होते आणि सगळं गायब. थंडपणी काहीच नाही, तापल्यावरच.

दोन्ही पुढची चाकं काढली, डिस्क (त्यांनाच रोटर म्हणतात) ब्रेक क्लीनरनं पुसल्या आणि मायक्रोमीटर लावला. व्हर्नियर इथे चालत नाही, कारण पॅड जिथे घासत नाही त्या बाहेरच्या कडेला एक उंच ओठ उरतो आणि व्हर्नियरचे जबडे त्या ओठावर बसून जाडी जास्त दाखवतात, म्हणून टोकदार तोंडाचा डिस्क मायक्रोमीटरच पाहिजे. भोकं टाळून गोलाकार आठ ठिकाणी रीडिंग घेतलं. डिस्क ३८० मिमीची, नवीन असताना ३० मिमी जाड, किमान जाडी २८.४.

डावी: २९.१२ ते २९.१३.
उजवी: २९.०८ ते २९.११.

नुसत्या जाडीवर गेलं तर दोन्ही डिस्क अजून ०.७ मिमी चालतील, कुठलाही मेकॅनिक "ठीक आहे, जाऊ दे" म्हणेल. पण उजवीच्या जाडीत एका फेऱ्यात ०.०३ चा फरक आहे आणि ०.०१५ ते ०.०२ च्या पुढे गेलं की बहुतेक गाड्यांत तो फरक पायाला आणि हाताला कळायला लागतो, कारण चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात जाड जागा आली की पिस्टन मागे ढकलले जातात आणि पातळ जागा आली की पुढे येतात, म्हणजे ब्रेकची ताकदच वरखाली होत राहते. लोक याला सरळ "डिस्क वाकली" म्हणून मोकळे होतात. बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते, जाडी कमीजास्त झालेली असते किंवा पॅडचा मसाला एका जागी जास्त चिकटलेला असतो. प्रश्न हा आहे की ही जाडी फक्त उजवीचीच का बिघडली.

१० मार्च, रविवार

उत्तराचा पहिला धागा पॅडमध्ये सापडला.

चारही पॅड काढून दोन-दोन ठिकाणी मोजले, बाहेरच्या कडेला आणि हबकडच्या कडेला. डावीकडचे दोन्ही पॅड बाहेरच्या कडेला किंचित जास्त झिजलेत, दोन्ही सारखेच. हे मला चालतं, कॅलिपर, म्हणजे पिस्टननं पॅड दाबणारा भाग, दाबाखाली थोडा उघडतो त्याचा तो परिणाम. उजवीकडे मात्र आतला पॅड बाहेरच्या कडेला ७.१ आणि हबकडे ७.९, तर बाहेरचा पॅड बरोब्बर उलटा, बाहेरच्या कडेला ७.८ आणि हबकडे ७.२. दोन्ही पॅड एकाच बाजूला झिजले तर बोट कॅलिपरकडे जातं. एकमेकांच्या उलट झिजले तर डिस्कच तिरकी होऊन दोघांच्या मध्ये फिरतेय, दुसरा अर्थ निघत नाही. आणि ती थंड असताना तिरकी नाहीये, डायल (डिस्क किती डुलते ते मोजणारं काट्याचं यंत्र) लावून बघितलं, कडेपासून १० मिमी आत फक्त ०.०४ येतंय. म्हणजे तापल्यावर होतेय.

संध्याकाळी कोल्हापूरला आण्णांना व्हिडिओ कॉल लावला. आण्णांची सगळी हयात शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत गेली, ग्रे आयर्नच्या ओतकामात, त्यामुळे बीडाच्या, म्हणजे कास्ट आयर्नच्या कुठल्याही वस्तूचं दुखणं मी आधी त्यांना दाखवतो. रीडिंग ऐकून ते म्हणाले, "आरं जाडी काय घेऊन बसलास नुसती, तापल्यावर ती कुठं जाती ते बघ की. बीडाला पसरू दिलं नाही की ते वळतंय, आन् वळूबी दिलं नाही की तडकतंय."

मी म्हटलं आण्णा, पण ही फ्लोटिंग डिस्क आहे, पसरायला जागा दिलेलीच आहे हिला. तर म्हणाले, "दिलेली हाय, पण अजून मोकळी हाय का? ते कुणी बघितलंय?"

कुणीच नाही. सर्व्हिसच्या कागदांवर जाडीचा रकाना आहे, डिस्कचे दोन तुकडे जिथे जुळतात त्या जोडाचा नाही.

१६ मार्च, शनिवार

जोडाबद्दल एकदा नीट लिहून ठेवतो, कारण दोन तुकड्यांची कुठलीही डिस्क दिसली की तिला फ्लोटिंग म्हणायची सवय लागलीये आणि त्यात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र होतात.

साधी डिस्क म्हणजे पॅड जिथे घासतात ती रिंग आणि हबवर बसणारी बेल, दोन्ही एकाच बीडाच्या ओतकामात. रिंग तापते, बेल त्यामानानं थंड राहते. बीड दर अंशाला मीटरमागे साधारण ११ मायक्रॉन वाढतं, म्हणजे ३८० मिमीची रिंग ५०० अंशांनी तापली की तिचा व्यास जवळपास २.१ मिमी वाढणार. बाहेरची कड मोकळी आहे पण आतली कड बेलला धरून आहे, बेल सोडत नाही, मग रिंग एका बाजूला वळते, तव्यावर पापड वळतो तशी. वळली की पॅड सगळ्या तोंडावर न बसता एका पट्ट्यावर बसतो, तो पट्टा अजून तापतो, अजून वळतो.

दोन तुकड्यांत पहिला प्रकार म्हणजे अल्युमिनियमची बेल आणि बीडाची रिंग घट्ट बोल्टनं आवळलेली. यात वजन वाचतं, पण पसरायचा प्रश्न बऱ्यापैकी तसाच राहतो. दुसरा प्रकार बीएमडब्ल्यू एम कंपाउंड म्हणून देते तो, माझ्या गाडीवरचा. रिंगमध्ये स्टेनलेसच्या पिना मध्यापासून बाहेर जाणाऱ्या दिशेनं बसवलेल्या असतात आणि बेलच्या भोकांत त्या सरकतात. रिंग पसरते तेव्हा पिना भोकांतून बाहेरच्या दिशेला सरकतात, रिंग गोल आणि सपाट राहते. डावी-उजवी हालचाल मात्र नाही, हातानं हलवून बघितली तर काही जाणवत नाही, आवाज नाही, रोजच्या गाडीला उत्तम. तिसरा प्रकार पूर्ण फ्लोटिंग, बॉबिनवाला. बेलच्या खाचेत बॉबिन, म्हणजे रिळासारखी छोटी गुंडी, त्यावर रिंगचे कान, मध्ये लाटेसारखा स्प्रिंग वॉशर. ही रिंग पसरतेही आणि एखाद-दोन दशांश मिमी आडवी सरकतेही, त्यामुळे फिक्स्ड, म्हणजे स्वतः न सरकणाऱ्या कॅलिपरच्या दोन पॅडमध्ये स्वतःचा मध्य स्वतः शोधते.

आता माझा संशय स्पष्ट आहे. उजवीच्या पिना मीठ खाऊन भोकांत अडकल्यात आणि माझी फ्लोटिंग डिस्क महाग किमतीची साधी डिस्क होऊन बसलीये. स्टेनलेस आणि अल्युमिनियम एकमेकांना चिकटून, वरून खारं पाणी, यात झिजणार अल्युमिनियमच, आणि त्याची पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा खाते. भोक आवळत जातं.

२३ मार्च, शनिवार

भाड्यानं लिफ्ट मिळते त्या वर्कशॉपमध्ये गाडी ट्रेलरवर नेली. नागपूरकर मित्र मदतीला. डिस्कचा रिटेनिंग स्क्रू उजवीकडे गंजून बसला होता, इम्पॅक्ट ड्रायव्हरनं निघाला.

दोन्ही जुन्या डिस्कच्या बेल ग्राइंडरनं कापल्या, पिना उघड्या केल्या. हे मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. डावीच्या बहुतेक पिना भोकांत जिथे सरकतात तिथे चकचकीत, हातोडीच्या हलक्या ठोक्यानं सरकल्या. उजवीच्या एका बाजूच्या सलग पिनांभोवती पांढरी भुकटी गच्च, ठोकूनही हलल्या नाहीत, उरलेल्या बाजूच्या मोकळ्या होत्या. म्हणजे अर्धी रिंग धरलेली, अर्धी सुटी. अशी रिंग तापल्यावर नुसती वळत नाही, गोलसुद्धा राहत नाही, फेऱ्यात एका भागावर पॅड जास्त दाबतो, तिथलं बीड जास्त झिजतं, आणि तो ०.०३ चा फरक तिथूनच आला. पातळ रीडिंग आलेली जागा आणि अडकलेल्या पिना जुळवून बघितल्या तर पातळ जागा अडकलेल्या बाजूलाच निघाली. इतकं सरळ उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं, मित्राला पण बोलवून दाखवलं, त्यानं फोटो काढून आण्णांना पाठवले.

जाडी "पास" होती आणि डिस्क मेलेली होती. फ्लोटिंग डिस्कवर खरी झीज जिथे हालचाल होते तिथे आधी बघायची, रिंगच्या तोंडावर नंतर. सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेणाऱ्या कुणालाही मी आता हेच सांगणार.

९ एप्रिल, मंगळवार, पाडवा

पार्सल आज आलं. बाल्कनीत गुढी, खाली हॉलमध्ये दोन रोटर.

पूर्ण फ्लोटिंग निवडले, मापं तीच, ३८० बाय ३०, बारा बॉबिन, रिंग वेगळी बदलता येते. भोकं नाहीत, स्लॉट आहेत. भोकांच्या डिस्क दिसायला छान आणि पावसात पाणी-वाफ निघायलाही बऱ्या, पण ट्रॅकवर भेगा भोकांच्या कडेपासूनच सुरू होतात आणि एका भोकातून दुसऱ्याकडे चालत जातात. कागदपत्रं सोबत आहेत, इथे ब्रेकमध्ये बदल केला तर टूफला, म्हणजे गाड्या तपासणाऱ्या संस्थेला दाखवावं लागतं आणि ते बरोबरच आहे.

बसवायच्या आधी आण्णांनी सांगितलेली तपासणी केली. आतून हवा जाते ती पोकळी ओतताना वाळूच्या कोअरनं तयार होते. "कोअर सरकला की दोन्ही पाटं सारख्या जाडीची येत न्हाईत, वरनं मशिनिंग चकाचक असतंय, कळत न्हाई, पण एक बाजू लवकर तापती." म्हणून कडेच्या खिडक्यांमधून आतल्या-बाहेरच्या पाटांची जाडी गोलाकार मोजली. दोन्ही रोटरवर फरक ०.२ च्या आत, समाधान झालं. कॉलवर आण्णांनी तुटलेल्या जुन्या तुकड्याचा कट पण बघून घेतला, करडा, बारीक दाण्याचा. ग्रे आयर्नमध्ये ग्राफाइट पाकळ्यांच्या रूपात असतं, त्या पाकळ्यांमुळे उष्णता पटकन पसरते आणि आवाजही दबतो, पण त्याच पाकळ्यांच्या टोकांशी भेग सुरू होते. "आमच्याकडं या प्रतीच्या ग्रे आयर्नला एफजी २२० म्हणायचं, डिस्कला कार्बन जरा चढा ठेवत्यात, ताकद कमी चालती पण उष्णता व्हायला पाहिजे." एका मालातून दोन्ही मिळत नाही, म्हणूनच भेगांवर कायम लक्ष ठेवायचं.

१३ एप्रिल, शनिवार

बसवले.

डिस्कच्या पोकळीतल्या, हवा फेकणाऱ्या पाकळ्या वक्र आहेत, म्हणून डावा-उजवा वेगळा. पाकळ्या फिरण्याच्या दिशेच्या उलट, मागे झुकलेल्या पाहिजेत, तेव्हा हवा मध्यातून ओढून बाहेर फेकली जाते. स्लॉटच्या दिशेवरून डावं-उजवं ठरवायचं नाही, कंपन्या स्लॉट दोन्ही दिशांना देतात. पाकळ्या बघायच्या.

हबचं तोंड वायर ब्रशनं चकचकीत केलं. यात कंजुषी करायची नाही, हबच्या तोंडावर गंजाचा ०.०२ चा कण राहिला तर डिस्कच्या कडेला तो ०.०५ होऊन दिसतो, कारण डिस्क हबपेक्षा अडीच पट मोठी.

फ्लोटिंग रोटरवर डायल लावायची पद्धत वेगळी आहे. सरळ रिंगवर डायल लावला तर रिंग आडवी डुलते आणि काहीही आकडे येतात. आधी डायल बेलवर, तिथे ०.०२ आलं, मग रिंग बोटांनी एका बाजूला दाबून धरत फिरवायची, तिथे ०.०४. आडवी हालचाल ०.२५. मग डायल रिंगच्या कडेला स्पर्शरेषेत लावून रिंग पुढे-मागे फिरवली, बॉबिनमधला गोल खेळ ०.२०. हे दोन आकडे सगळ्यात महत्त्वाचे, कारण नवे असतानाचे आकडे लिहिलेले नसतील तर पुढे झीज कशाशी ताडून बघणार.

ब्रेक ऑइल मोटुल आरबीएफ ६६०, कोरडं असताना उकळबिंदू ३२५ अंश, पाणी शोषल्यावर २०४. साध्या डॉट ४ ला किमान २३० आणि १५५ लागतं. चाकाचे बोल्ट १४० न्यूटनमीटर.

१४ एप्रिल, रविवार

पहाटे रिकाम्या रस्त्यावर बेडिंग, म्हणजे पॅड आणि नव्या डिस्क एकमेकांना सरावून घेणं. पहिले ब्रेक अगदी हलके, ८० वरून ४०, मध्ये हवा खायला अंतर, मग हळूहळू जोर वाढवत. नव्या बीडाला पहिल्याच दिवशी एकदम लाल करायचं नाही, अचानक तापून तडकायची भीती असते. शेवटी पाय न लावता बराच वेळ नुसती गाडी चालवली. गरम डिस्कवर पेडल दाबून सिग्नलला उभं राहिलं की पॅडचा ठसा उमटतो, मग थरथर कायमची.

पार्किंगमध्ये रिव्हर्सला टाकून ब्रेक लावला की एक "टक्" येतं. रिंग बॉबिनच्या एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला जाते त्याचा आवाज. नव्याला हा असतोच. हा आवाज नंतर वाढतो का, त्यावर कान ठेवायचा.

२० एप्रिल

टूफ झालं, कागदावर नोंद झाली. तपासणाऱ्या माणसानं बॉबिन हातानं हलवून बघितले, बरं वाटलं.

११ मे, शनिवार

नॉर्डश्लाइफ, पर्यटक लॅप, म्हणजे ट्रॅक सगळ्यांना खुला असतो तेव्हाची. २०.८ किलोमीटरचा रस्ता, चढ-उतार जवळपास ३०० मीटर, आणि ब्रेकला खरा त्रास कुठे तर श्वेडेनक्रॉइत्सवरून वेगात येऊन आरेमबेर्गला उतरवावं लागतं तिथे, आणि मग वेरझाइफेनवरून ब्राइडशाइडकडे उतरताना, कारण तिथे उतारही गाडीला ढकलतो आणि ब्रेकला थंड व्हायला सरळ रस्ता नाही.

डिस्कच्या बाहेरच्या कडेला उष्णता दाखवणारा रंग लावून गेलो होतो, तीन ठिपके. हिरवा ४३० अंशाला रंग बदलतो, नारिंगी ५६० ला, लाल ६१० ला. परत आल्यावर हिरवा गेलेला, नारिंगी गेलेला, लाल जसाच्या तसा. दोन्ही बाजूंना सारखंच. म्हणजे कड ५६० ते ६१० च्या मध्ये गेली.

हिशोब लावून बघितला. गाडी माझ्यासकट आणि पेट्रोलसकट १६०० किलो धरली, २२० वरून ११० वर आणली तर २.२४ मेगाज्यूल ऊर्जा जिरवायची. पुढच्या चाकांचा वाटा ७० टक्के, म्हणजे एका पुढच्या डिस्कला ०.७८ मेगाज्यूल. रिंग ८ किलोची धरली आणि बीडाला किलोला अंशामागे ५०० ज्यूल लागतात असं धरलं तर एका ब्रेकमध्ये रिंग जवळपास १९५ अंशांनी तापते, आणि हे सगळं तीनेक सेकंदांत. हवेचा अडथळा धरलेला नाही, त्यामुळे खरा आकडा थोडा कमी. ४०० अंशांवर असलेली रिंग अशा एका ब्रेकमध्ये ६०० च्या जवळ जाते, म्हणजे रंगाचा आकडा पटतो.

थरथर नाही. शेवटच्या लॅपला शेवटपर्यंत नाही. आरेमबेर्गला पेडल जिथे पहिल्यांदा होतं तिथेच. बाहेर पडून बी २५८ या रस्त्यावर गाडी शांतपणे फिरवून थंड केली, हँडब्रेक न लावता उभी केली.

एक गोष्ट मात्र आहे, कर्बवर चाक आपटलं की पुढच्या ब्रेकला पेडल थोडं लांब जातं. रिंग आडवी सरकून पॅडला मागे ढकलते, ती दरी भरेपर्यंत पेडल खाली. पूर्ण फ्लोटिंगची ही किंमत आहे. कर्ब सोडल्यावर डाव्या पायानं पेडलला हलका स्पर्श केला की पॅड परत जागेवर येतात, सवय करून घेतली.

१२ मे, रविवार

चाकं काढून बघितलं. पॅडची झीज दोन्ही बाजूंना सरळ, उलटसुलट काही नाही. ही बघूनच काम झाल्याचं समाधान मिळालं.

बॉबिनवर एका बाजूला चमकदार पट्टा आलाय, दुसरी बाजू कोरी. साहजिक आहे, ब्रेकचा जोर कायम एकाच दिशेनं येतो. १.१ जी नं (गुरुत्वाकर्षणाच्या १.१ पट) ब्रेक लावला तर एका पुढच्या चाकावर २००० न्यूटनमीटरच्या वर टॉर्क, बॉबिन मध्यापासून ११ सेंटिमीटरवर धरले तर बारा बॉबिनवर मिळून साडेअठरा हजार न्यूटन, एकेकाला १५५० च्या आसपास. हे सगळ्यांनी सारखं वाटून घेतलं तर. पहिल्या क्षणी टेकतात ते दोन-तीनच, बाकीचे त्यांचा खेळ संपल्यावर टेकतात, त्यामुळे पहिल्यांवर ठोका मोठा. स्टीलचा बॉबिन टिकतो, अल्युमिनियमच्या बेलची खाच चेपते. म्हणून बॉबिनपेक्षा बेलच्या खाचेची कड नीट बघायची, तिथे ओठ निघाला की बेल संपत आलीये, आणि बेल म्हणजे त्यातला महाग तुकडा.

६ जुलै

लांबलेला पाऊस, गाडी फक्त धुतली. बॉबिनमध्ये साध्या पाण्याचा पाइप मारून ब्रेकची धूळ काढली. तेल, ग्रीस काही लावायचं नाही, धूळ धरून त्याची घासणपेस्ट होते आणि तापल्यावर पॅडवर जायची भीती.

१५ सप्टेंबर, रविवार

उन्हाळाभराच्या लॅपनंतरची मोठी तपासणी. डिस्कच्या तोंडावर केसासारख्या भेगांचं जाळं आलंय. हे जाळं बघून घाबरून डिस्क फेकणारे लोक मी बघितलेत, आणि त्याहून वाईट म्हणजे जाळं आहे म्हणून खऱ्या भेगेकडे दुर्लक्ष करणारेही. तोंड तापतं आणि पसरू पाहतं, आतलं थंड बीड त्याला धरून ठेवतं, तोंड चेपलं जातं आणि थंड होताना ओढलं जातं, मग ते बारीक फाटतं. तोंडापुरतं असेल तर चालेल. मी नख फिरवतो. नख अडकलं नाही तर नोंद करून पुढे. नख अडकलं तर लांबी मोजायची आणि खडूनं खूण करायची. भेग रिंगच्या बाहेरच्या किंवा आतल्या कडेला पोचली, किंवा आतल्या पोकळीत आरपार गेली, की त्याच दिवशी डिस्क बाद, मग जाडी कितीही उरलेली असो.

डावी: सगळं बारीक.
उजवी: स्लॉटच्या टोकापासून एक ९ मिमीची, नख अडकतंय, कडेपासून अजून लांब. खूण केली.

निळे डाग बघितले, नाहीत. निळा-काळा गोल डाग दिसला तर तिथलं बीड ७०० च्या वर जाऊन त्याची घडण बदलायला लागलेली असते, गार होताना तिथे कडक टणक ठिपका तयार होतो. पॅड तो ठिपका घासू शकत नाही, आजूबाजूचं घासतो, ठिपका उंच राहतो, अजून तापतो. लेथवर फेस मारून तो वरवर जातो पण खाली राहतो. आण्णांचं मत की अशी डिस्क वितळवायलाच द्यायची, आणि मला ते पटतं.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

हत्यारांची पूजा. मायक्रोमीटर, डायल, टॉर्क पाना, सगळ्याला हळदकुंकू आणि झेंडू. कोल्हापूरला फाउंड्रीत आज भट्टी बंद असते. आण्णांनी कॉलवर मांडणी बघितली आणि लगेच विचारलं, "त्या नऊ मिलिमीटरचं काय झालं?"

मोजली. ११.

२ नोव्हेंबर, शनिवार

सीझन संपला, गाडी आत. पुढचे रोटर काढून बाकावर पूर्ण उघडले.

जाडी डावी २९.६४, उजवी २९.६१, दोन्हीच्या फेऱ्यातला फरक ०.०१ च्या आत. गोल खेळ ०.२० वरून डावीकडे ०.३१, उजवीकडे ०.३४. आडवी हालचाल ०.२५ वरून ०.३०. "टक्" आवाज थोडा वाढलाय, आकड्यांशी जुळतं. बेलच्या खाचांची कड नख लावून बघितली, ओठ नाही, पण जोराच्या बाजूला रंगाचा थर गेलाय आणि उघडं अल्युमिनियम दिसतंय. दोन वॉशरची लाट बसलीये, सपाट झालेत, त्यांच्याजवळ रिंगच्या कानावर ठोक्याच्या खुणाही जास्त आहेत. वॉशर मेला की रिंग बॉबिनवर नाचते आणि झीज तिथे पळायला लागते, त्यामुळे वॉशर सगळे एकदमच बदलायचे, दोन नव्हे.

उजवीची भेग १४ मिमी. कडेला अजून पोचलेली नाही, जाडी जवळपास नवीसारखी, आणि तरी ती रिंग मी पुढच्या वर्षी लावणार नाही. सहा-सात आठवड्यांत ९ ची १४ झाली, आरेमबेर्गच्या आधी २०० च्या वर असताना ती कुठवर पोचली असेल याचा अंदाज बांधत बसायचं नाहीये मला. डावीही सोबतच बदलणार, कारण एका बाजूला नवं बीड आणि दुसऱ्या बाजूला घासलेलं असलं की दोन्हीकडे पॅडची पकड वेगळी येते. बेल त्याच ठेवणार, बॉबिन आणि वॉशरचा पूर्ण संच नवा.

मार्चमधलं काम: बेलच्या खाचा गरम पाण्यानं धुऊन वाळवायच्या, उघड्या पडलेल्या अल्युमिनियमवर खाऱ्या भुकटीचा मागमूस नाही ना बघायचं, नव्या रिंगच्या पाटांची जाडी खिडक्यांतून मोजायची, मग डायल आधी बेलवर, नंतर रिंगवर, आणि गोल खेळ नव्या बॉबिनवर परत ०.२० च्या आसपास आला तर बेल अजून एक सीझन चालेल, ०.२५ च्या वर आला तर खाच चेपलीये असं धरून बेलची ऑर्डर टाकायची.